जबडा कटकट वाजते, घरीच मसाज केला तर चालते का?

प्रश्न: ताई, मी मानेवाड्याला राहते, वय 36. काही महिन्यांपासून सकाळी उठलं की कानासमोर दुखते अन् जांभई दिली की कट्ट आवाज येते. कानाच्या डॉक्टरला दाखवलं, कान बरा आहे म्हणे. मग डेंटिस्टनं टीएमजे म्हणजे जबड्याच्या सांध्याचा त्रास सांगितला, तुम्ही झोपेत दात खाता म्हणाले. पार्लरमध्ये फेस मसाज केला तर त्या बाईनं असा काही जोर लावला की दोन दिवस पोळी चावता आली नाही. घरी मसाज कसा करायचा? माझ्या भावाचंही तोंड पूर्ण उघडत नाही, त्यालाही तोच सांगू का?

उत्तर: आधी हे, की सांध्यावर दाबायचंच नाही. कानासमोर दुखते म्हणून सगळे तिथंच बोट रुतवतात, अन् खरं दुखणं पुष्कळदा आजूबाजूच्या स्नायूचं असते. गालावर हात ठेवून दाढा आवळून पाहा, गालाच्या हाडाखाली जो गोळा टम्म वर येते तो मॅसेटर. कानशिलावर बोटं ठेवून तसंच करा, तिथं हलते तो टेम्पोरॅलिस. झोपेत दात खाणाऱ्याचे हे दोन्ही रात्रभर राबून राहिले असतात, म्हणून सकाळी जास्त ठणकते.

गरम पाण्यात पिळलेला रुमाल दहा मिनिटं गालावर ठेवा. मग तोंड सैल, दात एकमेकांना लागू द्यायचे नाहीत, अन् दोन-तीन बोटांनी गालाच्या हाडापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत हळूहळू गोल फिरवत खाली यायचं. मध्ये कुठं गाठीसारखं दुखरं लागलं तर तिथं थांबून दहाएक सेकंद नुसतं दाबून धरा, सैल पडल्यासारखं वाटलं की पुढे. बरं वाटते तेवढाच जोर, डोळ्यात पाणी आलं तर तो जास्त झाला. कानशिलावरही असंच. एका बाजूला दोन-तीन मिनिटं, दिवसातून दोनदा, पुरे. तेल लागत नाही, उलट बोट घसरते. जबड्याखाली मानेत जिथं ठोका लागते तिथं दाबू नका.

तोंडाच्या आतूनही मसाज असते. फिजिओथेरपिस्ट ग्लोव्ह घालून अंगठा गालाच्या आत अन् बोटं बाहेर असं धरून स्नायू सैल करतात, बाहेरून हाती न लागणाऱ्या आतल्या स्नायूंपर्यंतही पोचतात. याचा चांगला आराम पडते, पण यूट्यूब पाहून स्वतः करायच्या भानगडीत पडू नका.

आवाज मात्र मसाजनं जाईलच असं नाही, तो बहुतेक सांध्यातली चकती सरकल्याचा असते अन् दुखत नसेल तर त्याचं काही करायचीही गरज नाही. पण दिवसभर दात आवळून राहिले तर मसाज करून काय फायदा? ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वर टाळूला, असं ठेवायचं. व्हेरायटी चौकाच्या सिग्नलला थांबलात की पाहा, दात आवळले आहेत का. रात्रीसाठी डेंटिस्टकडून नाईट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं कव्हर, करून घ्या. ऊस, चिंगम, तर्री-पोह्यातले कडक चणे काही दिवस बंद.

जबडा अचानक अडकला, सूज आणि ताप आला, चेहरा बधिर झाला तर मसाज सोडून डॉक्टर गाठा. अन् जिना चढताना जबडा दुखून घाम फुटत असेल, छातीत भरून येत असेल तर सरळ हॉस्पिटल, ते हृदयाचंही असू शकते.

आता भाऊ. खर्रा (सुपारी-तंबाखूचा) खातात का ते तुम्ही लिहिलं नाही, पण नागपुरात तोंड उघडत नाही म्हटलं की मी पहिले तेच विचारते. स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जातात का पाहायला सांगा. जात नसतील, तिखटानं तोंडात आग होत असेल, गाल आतून पांढरट अन् ताठ लागत असेल तर सुपारीनं गालाची आतली कातडी आखडल्याचं ते लक्षण आहे, सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात त्याला, अन् त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकते. तिथं बाहेरून गाल चोळून काहीच होत नाही. त्यांना मेडिकल चौकातल्या शासकीय डेंटल कॉलेजच्या ओपीडीत घेऊन जा, अन् खर्रा त्याच्या आधीच बंद.