अपग्रेड केल्यावर एफएफएमपेगमधला पर्याय का उडाला?

भाऊ, तुम्ही विचारलंय की फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर पोर्ट्समधून (म्हणजे सोर्स कोडवरून) एफएफएमपेग हे ऑडिओ-व्हिडिओचं साधन बांधताना एफडीके-एएसी (एएसी ऑडिओ बनवणारी लायब्ररी) चालू केलं होतं, कानबाईच्या गाण्यांची रेकॉर्डिंग त्यातूनच काढत होता, आणि ‘पीकेजी अपग्रेड’ (तयार पॅकेजं अद्ययावत करणारी आज्ञा) केल्यावर ते गायब झालं. मग आता सगळंच पोर्ट्समधून बांधायचं का? नका बांधू. धुळ्याचा मे महिना, त्यात लाईटचा भरवसा नाही, आणि एलएलव्हीएम (कंपायलरचा संच) एकटंच अख्खी रात्र खातं.

हा पर्याय बांधतानाच ठरतो. भरिताला बडगीत वांग्यांबरोबर मिरच्या कुटल्या की तिखट वेगळं काढता येत नाही, तसंच हे. रिपॉझिटरीतलं (पॅकेजांच्या साठ्यातलं) तयार पॅकेज मूळ पर्यायांवर बांधलेलं असतं. पीकेजी तुमच्या पॅकेजचे पर्याय त्याच्याशी ताडून पाहतं आणि फरक दिसला की तयार पॅकेज बसवतं. आवृत्ती तीच असली तरी यादीत त्या नावापुढे ‘ऑप्शन्स चेंज्ड’ येतं. ती यादी वाचल्याशिवाय ‘वाय’ दाबू नका.

एफडीके मुळात बंद का, तर परवान्यामुळे. जीपीएल परवान्याच्या भागांसोबत ते घातलं तर बांधताना ‘नॉनफ्री’ हा पर्याय द्यावा लागतो, आणि तशी बायनरी दुसऱ्याला देता येत नाही. म्हणून मित्राला पेनड्राइव्हवरही देऊ नका.

पण खरंच एफडीके लागतं का? एफएफएमपेगचा स्वतःचा एएसी एन्कोडर २०१६ च्या ३.० आवृत्तीपासून चांगलाच सुधारलाय. स्टिरिओ १२८ केबीपीएसला गाणी काढत असाल तर तो पुरे. कमी बिटरेटवर एचई-एएसी हवं असेल तरच एफडीके लागेल, कारण तो प्रकार या एन्कोडरला जमत नाही.

लागतच असेल तर ‘पीकेजी लॉक’ करून पॅकेज अडवता येतं, पण मला ते पटत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्याही अडतात, आणि एक्स२६५ सारखी लायब्ररी पुढे गेली की गाडी रुळावरून उतरते. त्यापेक्षा पूद्रिएर (पोर्ट्समधून पॅकेजं बांधणारं साधन) लावा. पर्याय एकदा लिहून ठेवायचे, स्वच्छ जेलमध्ये (बाकी सिस्टिमपासून वेगळ्या कप्प्यात) पॅकेज बांधायचं, आणि त्याच्या रिपॉझिटरीला पीकेजीत वरची पसंती द्यायची. पोर्ट्सची शाखा मात्र तुमच्या तयार पॅकेजांचीच घ्या, बहुतेक ती क्वार्टरली (तिमाही) असेल. शाखांची सरमिसळ केल्याने मी स्वतः एक पूर्ण रविवार घालवलाय.

आणि एका पॅकेजपुरतंच थांबा. दहा हो-नाही पर्याय म्हणजे १०२४ जोड्या; त्या सगळ्या तपासणार कोण? मॅकवरच्या होमब्रू या पॅकेज मॅनेजरने २०१९ मध्ये आपल्या मुख्य फॉर्म्युलांमधून (पॅकेज बांधण्याच्या कृतींमधून) पर्याय काढून टाकले ते याच ओझ्यामुळे. जेंटू या लिनक्सवाले यूज फ्लॅगांनी (बांधतानाच्या पर्यायांनी) हे ओझं आनंदाने वाहतात, पण तिथेही २०२३ च्या डिसेंबरपासून तयार पॅकेजं मिळू लागली.

आता ‘एफएफएमपेग -व्हर्जन’ चालवा आणि ‘कॉन्फिगरेशन’ने सुरू होणारी ओळ इथे टाका. ‘पीकेजी इन्फो एफएफएमपेग’मधली पर्यायांची यादीही द्या. बाकी काय-काय बदललंय ते त्यावरून सांगतो.