चालून आलेलं लॉ स्कूल

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी राज्यशास्त्र घेऊन कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. जीपीए (चारपैकी सरासरी ग्रेड) ३.६, लॉ स्कूलच्या प्रवेशपरीक्षेत, एलसॅटमध्ये, १५८. नऊ लॉ स्कूल्सनी अर्जाची फी माफ करून अर्ज मागवले. एकाने तर प्रवेश आणि निम्मी ट्यूशन माफ, असं कळवलंय. अट किरकोळ आहे : पहिल्या वर्षी वर्गात वरच्या एक तृतीयांशात राहायचं. ती म्हणते, दोन वर्षं पॅरालीगलची, म्हणजे वकिलांच्या मदतनिसाची, नोकरी करते, मग बघू. चालून आलेली संधी कुणी सोडतं का? तुम्ही समजवा तिला.

उत्तर : चालून आलेल्या स्थळाचीसुद्धा आपण चार ठिकाणी चौकशी करतो हो. इथे तर पत्र आलं नि तुम्ही अक्षता हातात घेऊन उभे!

पत्रात मला खटकलं ते शेवटचं वाक्य. वकिलांच्या ऑफिसात बसून हे काम आपल्याला झेपतं का, आवडतं का, ते आधी पाहायचं, असा तिचा बेत दिसतो. तो मला तरी शहाणपणाचा वाटतो. तुम्ही त्याला टाळाटाळ समजलात. मधे नोकरी करून आलेली मुलं लॉ स्कूलच्या वर्गात भरपूर असतात. एलसॅटचे गुणही लगेच वाया जात नाहीत. ते साधारण पाच वर्षं चालतात. मग घाई कुणाला आहे? तिला नाही. त्या शाळेला आहे आणि तुम्हाला आहे.

ती नऊ पत्रं म्हणजे निवड, हा गैरसमज मात्र आधी काढून टाका. एलसॅट घेणारी संस्था म्हणजे एलसॅक. तिथल्या खात्यात ‘कॅन्डिडेट रेफरल सर्व्हिस’ला होकार दिला की तिथली मुलांची माहिती लॉ स्कूल्सना शोधता येते. अमुक ते अमुक गुण, अमुक जीपीए अशी चाळणी लावायची आणि खाली पडतील त्या सगळ्यांना एकच ईमेल धाडायचा. पत्रावर नाव तिचं असलं तरी तिचं लिखाण तोवर कुणी वाचलेलं नसतं. फी माफ केल्याने शाळेचं फारसं जात नाही; अर्ज मात्र वाढतात. त्यातले पुष्कळ नाकारले, की ‘आमच्याकडे प्रवेश किती अवघड’ हे मिरवायलाही शाळा मोकळी.

राहिली ती ‘किरकोळ’ अट. पहिल्या वर्षाचे ग्रेड बहुधा कर्व्हवर, म्हणजे वर्गातल्या इतरांच्या तुलनेत, ठरतात. वर्गातली बाकीची मुलंही हुशार म्हणूनच आलेली असतात आणि वरच्या एक तृतीयांशात एक तृतीयांशच मावतात. अशा सशर्त शिष्यवृत्त्या किती दिल्या आणि पुढे किती कमी किंवा रद्द केल्या, हे अमेरिकन बार असोसिएशनच्या ५०९ क्रमांकाच्या नियमानुसार शाळेला आपल्या साइटवर द्यावंच लागतं. डिपॉझिट भरण्याआधी तो तक्ता काढा. पदवीनंतर दहा महिन्यांनी किती जणांना वकिलीची सनद लागणारी, पूर्णवेळ, टिकाऊ नोकरी होती, तेही तिथेच सापडेल.

कर्जाचंही पाहून ठेवा. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज मिळणार नाही. लॉसाठी सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर. शिष्यवृत्ती गेली आणि खर्च या मर्यादेवर गेला, तर खासगी कर्ज काढावं लागेल. त्यावर जामीनदार म्हणून बहुधा तुमचीच सही असेल.

समजवायचं म्हणाल, तर तिला समजवण्यासारखं मला काही दिसत नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या. मराठीत जड जात असेल तर इंग्रजीतही चालेल.