आईसाठी कोणता प्लेअर?

प्रश्न : आईची नजर अधू झालीय, मोबाइल तिला जमत नाही. नाट्यगीतं आणि बोलती पुस्तकं ऐकायला कोणता प्लेअर घ्यावा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी पुस्तकांचा विचार करा. गाणं कुठूनही सुरू झालं तरी चालतं. पण दहा तासांचं पुस्तक दुपारच्या झोपेनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, तर तुमच्या आई तो प्लेअर कपाटात टाकतील. म्हणून दुकानातच एखादी फाइल मधोमध थांबवा, प्लेअर बंद करून पुन्हा चालू करा. थांबला तिथूनच बोलू लागला, तरच किंमत विचारा. बटणं बोटाला लागणारी, उंच हवीत. काचेवरच बोट फिरवायचं तर मोबाइलनं काय घोडं मारलं होतं?

‘कारवां’सारख्या पेट्यांत हजारो गाणी भरलेली येतात, पेन ड्राइव्हही लावता येतो. नाट्यगीतं आहेत का, हे यादीत पाहा. पुस्तकासाठी वरची परीक्षा या पेटीचीही घ्याच.

जागेची चिंता नको. १२८ केबीपीएसच्या (म्हणजे ऐकायला पुरेशा दर्जाच्या) एमपी३ फाइलला मिनिटाला साधारण १ एमबी लागते. ३२ जीबीच्या मेमरी कार्डात ५०० तास सहज मावतात. प्रकरणांना ०१, ०२ असे आकडे द्या, नाहीतर बऱ्याच प्लेअरवर १ नंतर थेट १० वाजतं.

आणि हो, स्टोरीटेलसारख्या अ‍ॅपची वर्गणी यासाठी भरू नका. तिथली पुस्तकं अ‍ॅपमध्येच वाजतात, साध्या प्लेअरवर उतरवता येत नाहीत. सीडीवरची किंवा एमपी३ फाइल म्हणून मिळणारीच घ्या.