‘रॅशनल’ म्हणजे तर्कशुद्ध की विवेकी?

प्रश्न असा: विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचं ‘रॅशनल थिंकिंग’ आणि त्यांची ‘क्वालिटी ऑफ लाइफ’ यांवर मराठीत प्रबंध लिहायचा आहे, ‘तर्कशुद्ध विचार’ आणि ‘जीवनमान’ हे शब्द चालतील का?

माझ्या मते दोन्ही नकोत.

मानसशास्त्रात हा विषय बहुतेक वेळा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेने येतो. त्याने १९५५च्या सुमारास मांडलेल्या ‘रॅशनल’ मानसोपचारपद्धतीला कि. मो. फडके यांनी मराठीत ‘विवेकनिष्ठ’ म्हटलं, आणि ते नेमकं आहे. असं पाहा: ‘पहिल्या फटक्यात नेट परीक्षा पास होत नाही तो नालायक, मी झालो नाही, म्हणून मी नालायक.’ तर्काला यात बोट ठेवायला जागा नाही! खोट आहे ती पहिल्याच विधानात. ते मुळात धरून चालावं का, हे पारखणं म्हणजे विवेक. ‘विच्’ धातूचा अर्थच मुळी वेगळं काढणं. नीरक्षीरविवेक म्हणतो तो त्याच अर्थाने.

एलिसचा सगळा रोख ‘मस्ट’वर होता. मराठीत तो एका ‘च’मध्ये मावतो. ‘मी पास व्हायला हवं’ ही इच्छा, ‘व्हायलाच हवं’ हा हट्ट. प्रश्नावलीचं भाषांतर करताना हा ‘च’ गळाला, की विधान इतकं गुळमुळीत होतं की कोणीही ‘सहमत’वर खूण करून मोकळा होईल. मुद्रितशोधकांना ‘च’ छाटायची भारी हौस असते; इथे त्यांना आवरा.

‘विवेकवाद’ मात्र टाळा. तत्त्वज्ञ दि. य. देशपांडे ‘आजचा सुधारक’ मासिकातून तो मांडत, पण ती तत्त्वज्ञानातली भूमिका झाली.

आता ‘जीवनमान’. हा शब्द ‘राहणीमाना’च्या शेजारचा, ऐकला की उत्पन्न, घर, सोयी डोळ्यांपुढे येतात. ‘क्वालिटी ऑफ लाइफ’ मोजणारी जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची प्रश्नावली मात्र झोपेबद्दल, मित्रांच्या आधाराबद्दल, स्वतःविषयीच्या समाधानाबद्दलही विचारते, आणि माणसाला स्वतःला काय वाटतं हे त्यात महत्त्वाचं. शीर्षकात ‘जीवनाची गुणवत्ता’ ठेवा, तो शब्द रुळला आहे. पण प्रश्न विचारताना सांभाळून, विद्यार्थ्याला ‘गुणवत्ता’ म्हटलं की गुणवत्ता यादीच आठवते. ‘एकंदरीत तुमचं जगणं तुम्हाला कसं वाटतं?’ असं सरळ विचारलेलं बरं. मात्र एखाद्या प्रश्नावलीची प्रमाणित मराठी आवृत्ती वापरणार असाल, तर तिच्यातला शब्द पटला नाही तरी परस्पर बदलू नका.