शुभंकराच्या हातातही ब्रश दे

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेली माणसं आणि त्यांची काळजी घेणारी घरची माणसं, अशा जोड्यांसाठी गाण्या-चित्रांचा कार्यक्रम सुरू करण्याचा तुझा आराखडा मन लावून वाचला. ‘स्मरणशक्ती वाढवणे’ हे उद्दिष्ट पहिल्याच ओळीत आहे, ते आधी खोडून टाक. गाऊन किंवा रंगवून डिमेन्शिया मागे फिरत नाही. संगीतावर आधारित उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यातही उदासी थोडी कमी झालेली दिसते, आकलनावर मात्र फारसा परिणाम दिसत नाही. पत्रकावर उलटं छापलंस तर दोन महिन्यांनी कुणाची तरी मुलगी येऊन म्हणेल, “आईत काहीच फरक नाही.” तिला काय उत्तर देशील? उदासी कमी होणं, एक तास आनंदात जाणं, ही काही लहान गोष्ट नाही. तेवढंच लिही.

शिवाय उद्दिष्ट आठवणीचं असलं की प्रश्नही आठवणीचे होतात. “हे गाणं कुठलं, सांगा पाहू?” “हे कोण, ओळखलंत का?” अशाने कार्यक्रमाची परीक्षा होते, आणि ज्या विषयात तो माणूस रोज नापास होतो त्याच विषयाची. ॲन बास्टिंग या अमेरिकी नाट्यकर्मीने 1990च्या दशकात ‘टाइमस्लिप्स’ नावाची पद्धत सुरू केली. तिच्यात एखादं गमतीशीर चित्र समोर ठेवतात आणि आठवायला काहीच लावत नाहीत. या बाईंचं नाव काय ठेवू या? त्या कुठे निघाल्यात? जे उत्तर येईल ते जसंच्या तसं लिहून घ्यायचं, विसंगत असलं तरी, आणि मधूनमधून मोठ्याने वाचून दाखवायचं. चुकीचं उत्तर तिथे असूच शकत नाही. प्रश्न विचारल्यावर मात्र गप्प बस. आपल्याला असह्य वाटेल इतका वेळ थांबावं लागतं. घाईने दुसरा प्रश्न टाकलास की पहिल्याचं येऊ घातलेलं उत्तरही गेलं.

गाण्यांचं म्हणशील तर निवड तुझ्या आवडीने करू नकोस. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वांत घट्ट बसतात, म्हणून प्रत्येकाचं जन्मसाल विचार आणि त्यावरून त्यांच्या तरुणपणीची गाणी शोध. अल्झायमरमध्ये नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, लवकर ढासळतो, पण सवयीने हातात आणि गळ्यात बसलेलं बराच काळ टिकतं. सकाळी काय झालं ते न आठवणारी व्यक्ती कडव्यामागून कडवं म्हणते ती यामुळे. मात्र सगळा डिमेन्शिया म्हणजे अल्झायमर नव्हे. ‘लेवी बॉडी’ नावाच्या डिमेन्शियाच्या प्रकारात नसलेल्या वस्तू, माणसं दिसतात, त्यामुळे नक्षीदार सतरंजी किंवा मोठा आरसा नको. काहींच्या मेंदूचा मागचा भाग आधी बाधित होतो आणि डोळे चांगले असून समोरच्या गोष्टी नीट लागत नाहीत. अशा माणसाला चित्र रंगवायला बसवणं म्हणजे छळ. त्याला माती दे, ताल दे. नोंदणीच्या वेळीच हे विचारून ठेव.

आता मला सर्वांत खटकलेला मुद्दा. काळजी घेणाऱ्यांसाठी, म्हणजे शुभंकरांसाठी, तू मागच्या भिंतीलगत खुर्च्या दाखवल्या आहेस. बसून वाट बघायला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार शुभंकराचे दिवसाला सरासरी पाच तास देखभालीत जातात आणि त्यातला 70 टक्के भार बायकांवर असतो. औषध, अंघोळ, कपडे, ‘तिकडे जाऊ नका’, ‘आत्ताच सांगितलं ना’. दोघांमध्ये उरलेलं बोलणं एवढंच. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने 2006 मध्ये डिमेन्शिया असलेल्यांसाठी कार्यक्रम सुरू केला, तेव्हा घरच्या माणसालाही सोबत बोलावलं. दोघांनी मिळून मोजकीच चित्रं बघायची आणि काय वाटतं ते बोलायचं. मला त्यातलं शहाणपण असं दिसतं, की अनोळखी चित्रापुढे दोघंही सारखेच अडाणी असतात. तुझ्याकडेही बहुतेक जण चित्रकलेत कच्चेच असतील. त्या कच्चेपणात दोघांना एकमेकांची बरोबरी सापडते, आणि ती बरोबरी घरात कुठेच उरलेली नसते. तुझ्या कार्यक्रमाचं खरं काम मला तरी हेच वाटतं.

पण खुर्ची पुढे आणली म्हणजे झालं असं नाही. तू विचारशील, “कोणता रंग घेताय?” आणि उत्तर शेजारून येईल, “त्यांना निळा आवडतो.” थोड्या वेळाने ब्रशही शेजारच्या हातात जाईल आणि पान छान, नीटनेटकं भरेल. यात वाईट हेतू नसतो. दिवसभर दुसऱ्याची बटणं लावणारे हात असे सहज थांबत नाहीत. टोकू नकोस, चारचौघांत तर अजिबात नाही. शुभंकरापुढेही कोरा कागद ठेव आणि तोच प्रश्न त्यांनाही विचार: तुम्हाला कोणता रंग? हा प्रश्न त्यांना कित्येक दिवसांत कुणी विचारलेला नसतो. तरीही हात पलीकडे जात असेल, तर दोघांत मिळून एकच मोठा कागद दे आणि कुणाचा कोणता भाग हे ठरवू नकोस.

कुणी शुभंकर म्हणेल, “मला तासभर बाहेर जाऊ दे.” जाऊ दे. ती गरज खरी आहे, तिच्यात अपराध नाही. फक्त ते आधी ठरलेलं असावं आणि त्यांच्या जागी बसायला एक स्वयंसेवक असावा. शुभंकरांना आपसात मन मोकळं करायचं असतं, त्यासाठी वेगळी खोली, वेगळी वेळ ठेव. नवरा शेजारी बसलेला असताना त्याच्या रात्रीच्या भटकण्याची चर्चा नको. शब्द पोचले नाहीत तरी सूर पोचतो.

बाकीचं भराभर सांगते. सहा-सात जोड्या पुष्कळ झाल्या. अनेकांची अस्वस्थता दुपार उतरताना वाढते, म्हणून सकाळची वेळ घे. उजेड सारखा हवा. काळं पायपुसणं काहींना खड्ड्यासारखं दिसतं. ब्रश धुवायचं पाणी पेल्यात ठेवू नकोस, कुणीतरी पिईल. पसरट भांडं ठेव आणि रंग बिनविषारी घे. कार्टूनची रंगवायची पुस्तकं आणि शाबासकीच्या टाळ्या, दोन्ही बंद. सरसकट आजी-आजोबाही म्हणू नकोस. आयुष्यभर ‘सर’ म्हणवून घेतलेल्या माणसाला ‘सर’च म्हण. फोटोची परवानगी दर वेळी, त्या माणसाकडूनही घ्यायची. घरच्यांनी सही केली एवढं पुरत नाही. प्रदर्शनाचा विचार पहिलं वर्षभर तरी मनात आणू नकोस. देणगीदार आग्रह करतील. प्रदर्शन ठरलं की तूच इतरांच्या हातातले ब्रश घ्यायला लागशील.

आणि माणसं कमी होत जातील, हे धरून चाल. कुणी अंथरुणाला खिळेल, कुणी जाईल. मागे राहिलेला शुभंकर एक दिवस विचारेल, “मी एकटी आले तर चालेल का?” तुझ्या नियमावलीत ‘जोडीनेच प्रवेश’ असं आहे. तो नियम बदल, आणि कुणी विचारायच्या आत बदल.

सुधारलेला आराखडा पाठव.

तुझी,
ताई

ता. क. – हॉल पक्का करण्याआधी स्वच्छतागृह किती पावलांवर आहे, दाराला आतून कडी आहे का आणि ती बाहेरून उघडता येते का, हे स्वतः जाऊन बघ.