परतवाडा–धारणी रोजचं, स्पिती वर्षातून एकदा: कोणती मोठी गाडी घेऊ?

प्रश्न: नमस्कार दादा, परतवाड्याजवळ आमचा संत्र्याचा बगीचा आहे, पाच वर्षं रॉयल एनफिल्डची हिमालयन बाइक चालवतोय. आंबिया बहाराचे पैसे आले की मोठी गाडी घ्यायचीय, सेकंडहँड पण चालेल. बीएमडब्ल्यू आर 1250 जीएस, होंडा आफ्रिका ट्विन अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट्स आणि डुकाटी मल्टिस्ट्राडा व्ही4 यांच्यात अडकलोय. उंची 5 फूट 6 इंच. मेळघाटातलं सेमाडोह-धारणी नेहमीचं, वर्षातून एकदा हिमाचलमधलं स्पिती, शेतात पण गाडीनंच जातो.

उत्तर: भाऊ, "शेतात पण गाडीनंच जातो" इथंच मी थांबलो. जीएस पेट्रोल भरून 249 किलोची, बाकी दोघी पण त्याच वजनातल्या. मागच्या जुलैत एका मित्राची अशी गाडी पांदणीत घातली, पाऊस होऊन गेलेला, काळी माती पुढच्या मडगार्डात अशी घट्ट बसली की चाकच फिरेना आणि गाडी हळूच आडवी झाली. आम्ही दोघं तिला खेचत बसलो, जमेना, मग गाडीकडे पाठ करून, हँडल पूर्ण वळवून, खाली बसून, पायांच्या जोरावर मागे मागे सरकत उचलली तेव्हा कुठे उठली. उजवीकडे पडली असेल तर उचलायच्या आधी साइड स्टँड काढून ठेवा आणि गिअरमध्ये टाका, नाहीतर पलीकडे जाते.

आता तिघींचं. मल्टिस्ट्राडा 170 एचपीची, हायवेला तिच्यासारखी मजा नाही, व्हॉल्व्ह क्लिअरन्स (इंजिनातल्या झडपांची फट) पण 60,000 किलोमीटरला बघायचा असतो. पण मे महिन्यात 45 डिग्रीत परतवाड्याच्या बाजारात ते चार सिलिंडरचं इंजिन मांड्यांमध्ये घेऊन उभं राहायचं म्हणजे त्रासच, थांबल्यावर मागचे दोन सिलिंडर बंद होतात तरी. तुमच्यासाठी मी ती बाजूला ठेवतो.

जीएसचे दोन्ही सिलिंडर बाहेर वाऱ्यात, त्यामुळे गरमी पायाला कमी लागते, वजन खाली असल्यानं घटांगच्या वळणांवर गाडी हलकी वाटते. शाफ्ट ड्राइव्ह आहे, मागचं चाक चेनऐवजी दांड्यानं फिरतं, म्हणजे चेनला तेल द्यायची कटकट नाही. पण शाफ्टमध्ये बिघाड झाला तर स्पितीत रस्त्यावर बसून काही होत नाही, चेनची एक कडी मात्र खिशात नेता येते.

म्हणून माझं मत चेनवाली आफ्रिका ट्विन. 1084 सीसी, दोन सिलिंडर, 100 एचपीच्या आसपास, एवढी ताकद आपल्याला पुरून उरते. सेकंडहँड घेताना 2020 ते 2023 चं मॉडेल बघा, पुढे 21 इंची चाक आहे, नंतरच्यात 19 इंची आलं. दगडगोटे आणि खड्ड्यांवरून 21 इंची फारच सहज चढतं. तारेची चाकं असून टायर ट्यूबलेस आहेत, म्हणजे हरिसालच्या अलीकडे काटा घुसला तर चाक न खोलता प्लग मारून निघता येतं, माझ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. सीट 850 मिमीच्या आसपास, तुमच्या उंचीला चवडेच टेकतील, तेव्हा रायडिंगचे बूट घालूनच बसून बघा आणि खाली उतरून गाडी हातानं मागे ढकलून पण बघा.

मुंबईकडे जायचं झालं तर समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, अकोल्यावरून जुना हायवेच धरा. आणि हिमालयन विकू नका भाऊ, बगीच्यात तीच न्या.