डावी बाजू

प्रिय चिऊ,

रविवारी फोनवर तू विचारलंस, "आई, आपल्या मराठी जेवणात भाज्या एवढ्या कमी आणि तेल एवढं जास्त का?" तुझ्या खोलीशेजारची मैत्रीण रोज मोठा वाडगा भरून सॅलड खाते. तू तिच्याजवळ बसून पोळी आणि बटाट्याची भाजी खातेस, आणि आता तुला वाटायला लागलंय की आपलं जेवणच मुळात चुकीचं आहे. मी कामाच्या गडबडीत "तसं काही नाही गं" एवढंच म्हणाले. ते काही उत्तर नव्हतं. दोन दिवस डोक्यात तेच होतं, सोलापूरला आजीलाही फोन केला. आता नीट लिहिते.

तुझं जेवढं खरं आहे तेवढं आधी मान्य करते. इथे इंग्लंडमध्ये आपल्या घरचं रोजचं जेवण म्हणजे तीन पोळ्या, वाटीभर बटाट्याची भाजी, वरण-भात. शाळेच्या डब्यात मी तुला आठवड्यातून तीनदा बटाटा दिला, कारण सकाळी तो पटकन होतो आणि डबा रिकामा परत येतो. इथल्या 'दिवसाला पाच' भाज्या-फळांच्या हिशेबात बटाटा धरतच नाहीत, तो पोळी-भाताच्या रांगेत बसतो. म्हणजे पोळी, भात आणि बटाटा मिळून तुझ्या पोटात एकच गोष्ट जात होती. याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण ती माझी सवय झाली, चिऊ. मराठी ताट तसं नाही.

आजीच्या घरी सणाला पान कसं वाढतात ते आठव. वर मधोमध मीठ. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे सुकी भाजी, पातळ भाजी, उसळ. खाली भाताची मूद, त्यावर वरण आणि तूप. प्रत्येक पदार्थाची जागा ठरलेली. तू लहानपणी विचारायचीस की चटणी उजवीकडे वाढली तर काय होतं, आणि आजी म्हणायची, "वाढणाऱ्याचा हात चुकतो." एवढी चारी ठाव मांडणी, पण कोशिंबीर मात्र चमचाभर. डावीकडच्या सगळ्याला आपल्याकडे नावच आहे 'तोंडी लावणं'. पोट भाकरीनं भरायचं आणि तोंडी लावायला बाकीचं.

असं का, तेच मी आजीला विचारलं. तिचं माहेर मंगळवेढ्याकडचं, ज्वारीचा मुलूख. पाऊस बेताचा, मळ्यात पाणी असेल तरच भाजी. पावसाळ्यात आणि थंडीत पालेभाजी मिळायची, उन्हाळ्यात मात्र वाळवलेल्या गवारीच्या शेंगा, डाळी आणि चटण्या. भाकरी जास्त आणि भाजी कमी हे शहाणपणानं ठरवलेलं प्रमाण नव्हतंच, जे शेतात पिकलं त्याचं ते प्रमाण होतं. शिवाय दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसाला तीन भाकऱ्या जिरतात. तुझ्यासारख्या दिवसभर ग्रंथालयात बसणाऱ्या मुलीला त्या कशाला लागतील? आपण इकडे येताना प्रमाण तेच घेऊन आलो, काम आणि शेत मागेच राहिलं.

आणि जे मिळायचं त्यात विविधता किती होती! आजीनं फोनवर एका दमात नावं घेतली: मेथी, शेपू, चुका, चाकवत, अंबाडी, माठ, पोकळा, घोळ, राजगिरा, करडईची कोवळी पानं. करडईची गंमत बघ. ज्वारीच्या शेताला कडेनं करडईच्या ओळी पेरायच्या. झाड मोठं झालं की काटेरी होतं, मग जनावरं आत शिरत नाहीत. कोवळी असताना तिच्या पानांची भाजी, पिकल्यावर बियांचं घाण्यावर काढलेलं तेल. कुंपण, भाजी आणि तेल, तिन्ही एकाच झाडातून. भोगीला, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, वाल, पावटा, ओला हरभरा, गाजर, वांगी, बोरं असं सगळं एकत्र शिजवून वर दाण्याचं आणि तिळाचं कूट, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाशिवाय उगवलेल्या भाज्यांची एकच भाजी. म्हणजे ताट भाजीनं भरायचं कसं हे आपल्याला माहीत होतंच. फक्त ते सणापुरतं राहिलं.

आता तेलाकडे येते, कारण तुझ्या प्रश्नाचा तो भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तुझी मैत्रीण सॅलडवर ऑलिव्ह तेल घालते ना? ती बरोबरच करते. गाजरातला केशरी घटक, ज्याचं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, तो पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात, म्हणजे तेला-तुपात, विरघळतो. पालेभाजीतही तो असतो, हिरव्या रंगाआड झाकलेला. सोबत थोडं स्निग्ध नसेल तर बराचसा तसाच वाया जातो. आता आपली कोशिंबीर बघ. गाजराचा कीस, त्यात भाजलेल्या दाण्यांचं कूट, लिंबू, वर मोहरी-हिंगाची फोडणी. कच्ची भाजी आणि चांगलं स्निग्ध एकाच वाटीत! तुझ्या मैत्रिणीच्या वाडग्यात आणि आजीच्या कोशिंबिरीत कामाचा काहीच फरक नाही, फरक आहे तो आकाराचा. तू फक्त चमच्याऐवजी वाडगा घे.

मला तुला सांगायचं आहे ते एवढंच: ताटाची डावी बाजू मोठी कर.

डावीकडे आपण काय काय ठेवलंय ते एकदा मोज. दाणे, तीळ, जवस, कारळे, खोबरं. चटणीच्या नावाखाली आपण रोज तेलबिया खात आलो. दाण्यातलं निम्मं वजन स्निग्धाचं, आणि त्यातलं जवळजवळ निम्मं ऑलिव्ह तेलात मुख्य असतं त्याच जातीचं. शिवाय शंभर ग्रॅम दाण्यात साधारण पंचवीस ग्रॅम प्रथिनं. जवसाला काही जण अळशी म्हणतात. त्याच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा तीन जातीचं स्निग्ध असतं, जे आपल्यासारख्या मासे न खाणाऱ्या घरात सहसा कमी पडतं. मात्र जवस अख्खे गिळले तर तसेच बाहेर पडतात, दळलेच पाहिजेत. आजीला हे कुणी प्रयोगशाळेतून सांगितलं नव्हतं, पण तिची जवसाची चटणी कायम कुटलेलीच असायची.

ती चटणी तू करच. वाटीभर जवस कोरड्या कढईत मंद आचेवर भाज. तडतडायला लागले की उतरव, करपले तर कडू होतात. त्यातच चमचाभर जिरं, पाच-सहा लसूण पाकळ्या, लाल तिखट आणि मीठ घालून जाडसर दळ. बरणी फ्रीजमध्ये ठेव आणि थोडी थोडीच कर, कारण दळलेल्या जवसाला लवकर खवट वास लागतो. भाजीवर, दह्यात, अगदी तुझ्या त्या टोस्टवरसुद्धा चमचाभर पेर.

लोणचं आणि पापडही डावीकडचेच, पण ते वाढवू नकोस. त्यांचा चमचा होता तेवढाच राहू दे, मीठ फार असतं.

मग जेवणात तेल जास्त झालं ते कुठून? बिया दळून खाताना तेल मापातच जातं, बाटलीतून ओतताना माप राहत नाही. आजीच्या तरुणपणी घाण्यावरचं तेल मोजून आणायचं, पळीनं घालायचं. पुढे रेशनवर पामतेल आलं, बाजारात वनस्पती तूप तर होतंच, तेल स्वस्त झालं आणि भाजीवर तवंग दिसणं ही पाहुणचाराची खूण झाली. वनस्पती तुपात जो घातक ट्रान्स प्रकारचा स्निग्धांश असायचा, त्याच्यावर भारतात जानेवारी 2022 पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे. तू ते वापरत नाहीस, पण बाहेरच्या बिस्किटांच्या पुड्यावर काय लिहिलंय ते वाचत जा.

भाजीला तेल कमी घालायची युक्ती आपल्याकडे जुनीच आहे, मीच ती घाईत सोडून दिली होती. दोन छोटे चमचे तेलाची फोडणी कर, भाजी टाक, परत, आणि वर खोलगट ताटली ठेवून तिच्यात पाणी ओत. खाली वाफ धरते, भाजी तिच्या स्वतःच्या पाण्यात शिजते, तळाला लागत नाही. लागलंच तर ताटलीतलं कोमट पाणी वरून घालायचं. तेल फक्त फोडणीपुरतं लागतं, शिजवण्याचं काम वाफ करते.

कुठलं तेल, असं तू नक्की विचारशील. इकडे ज्याची पिवळी शेतं आपण गाडीतून बघतो ना, त्या रेपसीडचं तेल घे. ते मोहरीच्याच कुळातलं आहे, त्यात संपृक्त (सॅच्युरेटेड) स्निग्ध कमी आणि थोडं ओमेगा तीनही असतं. शेंगदाण्याचं तेल मिळालं तर उत्तमच. तुपाबद्दल लोक दोन टोकांचं बोलतात. त्यातलं निम्म्याहून जास्त स्निग्ध संपृक्त असतं हे खरं, म्हणून ते भाजी परतायला वापरू नकोस. पण गरम वरण-भातावर एक छोटा चमचा साजूक तूप म्हणजे पाच ग्रॅमच्या आत-बाहेर. तेवढं घे, आणि आनंदानं घे. खोबरेल तेलातही संपृक्त स्निग्ध फार असतं, त्यापेक्षा ओलं खोबरं कोशिंबिरीवर भुरभुरव.

आणि प्रमाण. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला निदान चारशे ग्रॅम भाज्या-फळं खा म्हणते. इथले पाच वाटे ऐंशी-ऐंशी ग्रॅमचे, म्हणजे तेच चारशे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये भारतीयांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात निम्मं ताट भाज्या-फळांचं आहे. तीन मोठे चमचे भरून शिजलेली भाजी म्हणजे एक वाटा. उसळ कितीही खाल्लीस तरी इथल्या हिशेबात दिवसाला एकच वाटा धरतात, पण म्हणून ती सोडू नकोस.

मी आता घरी असं करते: पानात आधी भाजी आणि कोशिंबीर वाढून घेते, अर्धं ताट भरलं की मग एक पोळी. बाबा पहिल्या आठवड्यात कुरकुरले. आता कोबीची कोशिंबीर तेच किसतात. आपण भाजी लावून पोळी खायचो, आता पोळी लावून भाजी खातो.

तुझ्या शेफील्डच्या दुकानात चुका-चाकवत मिळणार नाही, त्यासाठी अडून बसू नकोस. लीक म्हणजे पातीच्या कांद्याचा मोठा भाऊ, त्याचा झुणका फार सुरेख होतो. केल बारीक चिरून मेथीसारखी पीठ पेरून कर, बेसन आधी कोरडं भाजून घेतलंस तर तेल कमी पितं. ब्रसेल्स स्प्राउट्स कोबीसारखे उभे चिर, हरभरा डाळ घाल. बिटाची आणि मुळ्याची पानं फेकू नकोस, डाळीत घालून पातळ भाजी होते. फ्रीजरमधला पालकही चालतो, त्यात कमीपणा नाही. परीक्षेच्या दिवसांत काहीच जमलं नाही तर थालीपिठाच्या पिठात दुधी, गाजर, कांदा, कोथिंबीर, पिठापेक्षा भाजी जास्त दिसेल इतकी घाल. जेवणाबरोबर लिंबू पिळ, पालेभाजीतलं लोह अंगी लागतं. आणि जेवल्या जेवल्या चहा घेऊ नकोस, तो ते लोह अडवतो. हे मी तुला अजून शंभर वेळा सांगणार आहे.

तुझ्या मैत्रिणीला एकदा जेवायला बोलाव आणि खमंग काकडी कर. काकडी किसू नकोस, चोचव, म्हणजे सुरीनं टोचे मारून बारीक काप. कीस केला की ती मऊ पडते, चोचवलेली कुरकुरीत राहते. दाण्याचं कूट, ओलं खोबरं, हिरवी मिरची, लिंबू, चिमूटभर साखर, वर जिऱ्याची फोडणी. तिला दाणे चालतात का ते मात्र आधी विचार, इकडे पुष्कळांना त्यांची ॲलर्जी असते. चालत नसतील तर तीळही चालतात का ते विचारून मग त्यांचं कूट घाल.

जवसाची एक बरणी या शनिवारी टपालानं पाठवते आहे, आजीच्या मापानं केलेली. आणि कोशिंबिरीत मीठ अगदी वाढायच्या वेळी घाल, आधी घातलंस तर पाणी सुटतं.

तुझी,
आई